आईच्या छातीवर दहा दिवस: ठोके नोंदवणाऱ्या चिकट पॅचचा अनुभव

माझ्या आईला वयाच्या बाहत्तराव्या वर्षी अधूनमधून छातीत धडधड होऊ लागली. ही धडधड आठवड्यातून एखाद्या वेळी, बहुधा रात्री यायची, आणि डॉक्टरांच्या खोलीत पोहोचेपर्यंत नाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागलेली असायची. साधा ईसीजी दोनदा निर्दोष आला. नंतर चोवीस तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारे यंत्र, लावले, त्यातही काही सापडले नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की चोवीस तासांचे जाळे या माशासाठी फार लहान आहे, आणि चौदा दिवस छातीवर चिकटून राहणारा पॅच लावण्याचा सल्ला दिला. वैशाखात आम्ही असा पॅच नाशिकमधील एका पुरवठादाराकडून घेतला आणि त्यासाठी अहवालासह साडेसात हजार रुपये मोजले. पॅच बनवणाऱ्या कंपनीचे आणि पुरवठादाराचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण एका रुग्णाच्या एका अनुभवावरून कोणाची पत ठरवणे मला योग्य वाटत नाही. मात्र या प्रकारच्या पॅचचे गुणदोष बऱ्याच अंशी सारखेच असतात, त्यामुळे पुढील मजकूर घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

थोडे माझ्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण माझे मत संपूर्ण तटस्थ नाही. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात उपकरणशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षे त्वचेवर बसणारे मऊ, ताणले जाणारे विद्युतसंवेदक तयार करण्याचे काम करते. लग्नपत्रिका ज्या पद्धतीने स्क्रीनवर छापतात, त्याच पद्धतीने आम्ही चांदीची शाई पॉलियुरेथेनच्या पातळ पापुद्र्यावर छापतो, आणि आमच्या छपाईच्या चौकटी रविवार कारंजाजवळचा एक स्क्रीन प्रिंटरच ताणून देतो. प्रयोगशाळेत आमचे संवेदक पंचविशीतल्या विद्यार्थ्यांच्या कोरड्या, घट्ट त्वचेवर, पंख्याखाली, अर्धा तास उत्तम चालतात. पंचवटीत राहणाऱ्या, रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरायला जाणाऱ्या, सुती ब्लाउज आणि मंगळसूत्र घालणाऱ्या बाईच्या अंगावर दहा दिवस काय होते, हे मात्र मी या निमित्ताने पहिल्यांदा पाहिले.

सुरुवात सेवेपासूनच अडखळली. ठरलेल्या दिवशी पॅच लावण्यासाठी तरुण तंत्रज्ञ मुलगा आला. पॅच डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, छातीवर तिरपा लावायचा असतो. आईने शांतपणे सांगितले, "बाळा, तू चहा घे आणि जा, बाई असेल तर पाठव." स्त्री तंत्रज्ञ यायला आणखी दोन दिवस लागले. ज्या वस्तूची जागाच छातीवर आहे, तिच्या नोंदणीच्या वेळी हा प्रश्न विचारला जाऊ नये, हे आश्चर्यच म्हणायचे. आलेल्या ताई मात्र कामात चोख होत्या. त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून अंगाला तेल, पावडर किंवा क्रीम लावू नका असे बजावले होते. मग जागा स्पिरिटने पुसली आणि बारीक खरखरीत पट्टीने त्वचेवरून अलगद चार वेळा घासले. हे घासणे पाहून आई दचकली, पण तेच सर्वांत महत्त्वाचे असते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो, तो विजेला अडवतो, आणि हृदयाचा संकेत त्वचेवर पोहोचेपर्यंत जेमतेम एक मिलिव्होल्ट उरलेला असतो. तो थर थोडा कमी केला नाही, तर पुढचे सगळे महागडे इलेक्ट्रॉनिक्स गोंगाटच नोंदवत बसते.

पॅचची रचना सांगते. दोन टोकांना चांदी व सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड (विजेचा संकेत टिपणारे भाग), त्यांवर ओलसर हायड्रोजेल, मध्ये बोटाच्या पेराएवढी कडक डबी आणि सगळ्यांना धरून ठेवणारी पांढरी चिकट पट्टी. डबीत नाण्यासारखा सेल असतो. अशा सेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास असते. चौदा दिवस म्हणजे ३३६ तास, त्यामुळे संपूर्ण यंत्रणेला सरासरी पाऊण मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाहात संसार चालवावा लागतो. म्हणूनच हा पॅच ईसीजी सतत मोबाइलकडे पाठवत नाही. तो आतल्या स्मृतीत साठवतो, आणि मोबाइलला अधूनमधून केवळ आपण जिवंत असल्याचे कळवतो. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, असा हिशेब केला तर दिवसाला ४३ मेगाबाइट आणि चौदा दिवसांत सुमारे ६०० मेगाबाइट होतात. एवढ्या जागेत चौदा लाखांच्या आसपास ठोके मावतात, ही गोष्ट मला या क्षेत्रात काम करूनही अजून विलक्षण वाटते.

यातून निघणारी एक गोष्ट मात्र घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. पॅच लावला म्हणजे रुग्णालयात कोणीतरी आईच्या हृदयाकडे डोळे लावून बसले आहे, असा आमच्या शेजाऱ्यांचा समज झाला होता, आणि खरे सांगायचे तर माझ्या वडिलांचाही. तसे काहीही नाही. हा पॅच नोंद करतो, हाक मारत नाही. शिवाय तो हृदयाकडे एकाच दिशेने पाहतो. बारा दिशांनी काढलेला ईसीजी जे दाखवतो ते यात दिसत नाही, आणि छातीत कळ आली तर पॅचच्या भरवशावर न राहता थेट रुग्णालय गाठावे लागते. पॅचसोबतच्या माहितीपत्रकात हे लिहिले आहे, पण बाराव्या पानावर आणि इंग्रजीत.

पहिले तीन दिवस निर्विघ्न गेले. आई म्हणाली की पट्टी असल्याचे दुसऱ्या दिवशीच विसरायला झाले. चौथ्या दिवशी उन्हाचा पारा चाळिशीला टेकला आणि खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली. त्वचा रात्रंदिवस पाण्याची वाफ बाहेर टाकत असते. घाम वेगळाच. पट्टीचे कापड श्वास घेणारे आहे असे पाकिटावर लिहिले आहे आणि ते काही अंशी खरेही आहे, परंतु मधल्या कडक डबीखाली हवा जायला वाटच नाही. तेथे घाम साचला, सहाव्या दिवशी खाज सुरू झाली, आणि आठव्या दिवशी डबीच्या कडेने लाल रेघ उमटली. ही रेघ संपूर्ण पट्टीखाली पसरली नव्हती. ती नेमकी डबी संपते आणि मऊ पट्टी सुरू होते त्या सीमेवर होती.

माझ्या संशोधनाच्या दृष्टीने हीच या उपकरणाची सर्वांत बोलकी खूण. डबीतली सिलिकॉनची चिप त्वचेपेक्षा लाखाहून अधिक पट ताठ असते. हात वर केला, कूस बदलली, की छातीवरची त्वचा ताणली जाते. पट्टीही तिच्याबरोबर ताणली जाते. डबी मात्र जागची हलत नाही, आणि सगळा ताण त्या सीमारेषेवर येऊन साचतो. एखाद्या वस्तूला वाकवायला लागणारा जोर तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी निम्मी केली तर वाकवणे आठपट सोपे होते. याच साध्या नियमावर मऊ इलेक्ट्रॉनिक्सची शाखा उभी आहे. २०११ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या पाण्याने चिकटणाऱ्या गोंदणासारखे त्वचेवर बसणारे विद्युतमंडल 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. त्यात धातूच्या तारा सरळ नव्हत्या, तर नागमोडी होत्या. कसारा घाटातला रस्ता चढ जसा वळणावळणांत वाटून घेतो, तशी अशी तार ताण वाटून घेते. एरवी धातूचा पातळ थर एक-दोन टक्के ताणला तरी तडकू शकतो, आणि त्वचा तर त्याच्या कितीतरी पट ताणली जाते. आईच्या पॅचमध्येही इलेक्ट्रोडकडे जाणाऱ्या तारा अशाच नागमोडी आहेत, हे पट्टी उजेडासमोर धरल्यावर दिसते. म्हणजे प्रयोगशाळेतील कल्पना बाजारात पोहोचली आहे. पोहोचली नाही ती डबीपर्यंत.

घामाचा दुसरा परिणाम नोंदीवर झाला. हायड्रोजेल घामाने फुगते, पंख्याखाली वाळते, आणि घामातील मिठामुळे इलेक्ट्रोडचा स्वतःचा विद्युतदाब सरकत राहतो. त्यामुळे ईसीजीची आधाररेषा लाटांसारखी वरखाली होते. यावर गाळणी लावता येते, पण दोन इलेक्ट्रोड एकमेकांच्या इतके जवळ असताना ईसीजीतील लहानशी पी लाट आधीच फिकट झालेली असते, आणि नेमकी तीच लाट आहे की नाही यावरून हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल ठरवायचा असतो. जपानमध्ये ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१७ मध्ये घाम अडणारच नाही असा सोन्याचा सूक्ष्म जाळीदार इलेक्ट्रोड करून दाखवला आहे. पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंवर सोने चढवायचे, ते त्वचेवर ठेवून पाणी फवारायचे, तंतू विरघळतात आणि जाळी तेवढी त्वचेच्या रेषांत बसते. वीस जणांनी तो आठवडाभर लावून पाहिला आणि त्वचेला दाह झाला नाही. पण ती जाळी आईच्या मंगळसूत्राखाली किती तास टिकेल, याची मला उत्सुकता आहे.

मंगळसूत्राची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी, कारण कोणत्याही माहितीपत्रकात ती नाही. मोबाइलवरील ॲपमध्ये लावल्यानंतर तपासणीसाठी दहा मिनिटे थेट रेषा पाहण्याची सोय आहे. ती पुन्हा चालू करून पाहताना चौथ्या दिवशी मला आईच्या रेषेत जादा ठोक्यांसारखी टोके दिसली आणि माझ्याच छातीत धडधड झाली. नंतर लक्षात आले की आई पोळ्या लाटत होती. लाटण्याच्या प्रत्येक फेरीला मंगळसूत्राची वाटी पॅचवर आपटत होती; त्याने जेल दबत होते आणि प्रत्येक दाबाला एक खोटा ठोका उमटत होता. मंगळसूत्र काढून ठेवण्याचा विषय मी काढला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. तंत्रज्ञ ताईंना फोन केला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अहो, पदराच्या पिनेत अडकवायला सांगा, सगळ्याजणी तेच करतात." जी गोष्ट सगळ्याजणींना करावी लागते, ती छापील सूचनांत एका ओळीत यायला हरकत नव्हती. ब्लाउजचा काठ, सुती साडीची पिन, डाव्या कुशीवर झोपण्याची सवय, हे सारे या उपकरणाच्या दृष्टीने हवामानाइतकेच महत्त्वाचे आहे.

त्रास झाला की दाबायचे एक बटण पॅचच्या मधोमध आहे. ते वाजवीपेक्षा घट्ट आहे. आईला ते अंगठ्याने जोर लावून दाबावे लागे, आणि त्या जोरानेच त्या क्षणाची नोंद काही सेकंद बिघडे. आईने दहा दिवसांत ते चार वेळा दाबले. त्यातील एकदा सोमवारी कपालेश्वराच्या पायऱ्या चढून झाल्यावर, आणि तेव्हा हृदय केवळ वेगाने, पण संपूर्ण तालात धावत होते. एकदा ते झोपेत चुकून दाबले गेले. उरलेल्या दोन वेळा मात्र अहवालात एट्रियल फिब्रिलेशन निघाले, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन न पावता नुसतेच थरथरत होते. त्याहून महत्त्वाची नोंद सहाव्या रात्रीची. पहाटे तीनच्या सुमारास ४१ मिनिटे हाच बेताल चालू होता आणि आई गाढ झोपेत होती. तिला काहीही जाणवले नाही. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हे लक्षात घेतले तर या एका नोंदीने साडेसात हजार रुपये वसूल झाले असे मी म्हणेन. औषध कोणते व किती, हा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी घेतला.

मनगटी घड्याळ घेतले असते तर एवढा खटाटोप वाचला असता का, असे माझ्या भावाने विचारले. घड्याळ हिरव्या प्रकाशाने मनगटातील रक्ताची हालचाल पाहते आणि त्यावरून तालाचा अंदाज बांधते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार लाखांहून अधिक लोकांच्या ॲपल हार्ट स्टडीमध्ये अशा घड्याळाने ०.५२ टक्के लोकांना सूचना दिली, आणि त्यांपैकी ज्यांनी नंतर ईसीजी पॅच लावून परत पाठवला त्यांच्यातील ३४ टक्क्यांमध्ये हा विकार आढळला. म्हणजे तेथेही पडताळणीला शेवटी पॅचच लागला. आमच्या घरी तर प्रश्न त्याआधीच सुटला, कारण आईच्या दोन्ही हातांत बांगड्या आहेत आणि त्यांच्यामध्ये घड्याळाला जागा नाही.

चौदा दिवसांचा दावा आमच्याकडे दहा दिवसांवर आटोपला. पट्टीचा खालचा कोपरा आठव्या दिवशीच सुटू लागला होता. सूचनेप्रमाणे आम्ही वरून वैद्यकीय टेप लावली, पण दहाव्या दिवशी अंघोळीनंतर एक इलेक्ट्रोड पूर्ण उचलला गेला. येथे आमचाही थोडा दोष आहे. पाणी उडाले तर चालते, पण पाण्यात बुडवू नका, अशी सूचना होती. आणि आईने एकादशीला गंगेवर जाऊन नेमके काय केले, याची मी फार चौकशी केलेली नाही. पॅच काढताना मात्र पुरवठादाराकडून काहीच मार्गदर्शन मिळाले नाही. उतारवयातील पातळ त्वचेवरून अशी पट्टी ओढून काढली तर सालपट निघू शकते. आम्ही कडेने खोबरेल तेल सोडत, त्वचेला बोटाने मागे दाबत, दहा मिनिटांत ती सोडवली. लावताना ज्या तेलाला मनाई होती, तेच काढताना कामी आले. लाल रेघ पूर्ण जायला पुढे नऊ दिवस लागले. ज्यांना पूर्वी बँडेजच्या चिकटपणाची ॲलर्जी झाली आहे, त्यांनी हे आधीच सांगावे, कारण अनेक पट्ट्यांतील चिकट द्रव्य ॲक्रिलेट प्रकारचे असते आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. सिलिकोनचा चिकटपणा अधिक सौम्य असतो, पण त्याची पकड कमी असते.

काढलेला पॅच कुरिअरने मुंबईला जातो आणि तेथे नोंद वाचली जाते. तीन दिवसांत मिळणारा अहवाल सहा दिवसांनी आला, तोही दोनदा फोन केल्यावर. अहवाल मात्र चांगला होता, हे मान्य करायला हवे. २४० तासांपैकी २०१ तासांची नोंद वाचण्याजोगी आहे, हे त्यांनी पहिल्याच पानावर प्रामाणिकपणे दिले होते. वाया गेलेले ३९ तास बहुतेक दुपारी बारा ते पाच या वेळेतले होते, म्हणजे वैशाखातल्या घामाचे. प्रत्येक घटनेची रेषा वेळेसह छापलेली होती, त्यामुळे डॉक्टरांना संगणकाच्या निष्कर्षावर विसंबून न राहता स्वतः पाहता आले. भाषा अर्थातच संपूर्ण इंग्रजी, आणि वडिलांना सगळी २८ पाने मला वाचून समजावून सांगावी लागली.

ॲपबद्दल माझी तक्रार थोडी कडक आहे. ठोके नोंदवणाऱ्या पॅचच्या ॲपला आईच्या फोनमधील संपर्कांची यादी कशासाठी हवी होती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मी परवानगी नाकारली आणि ॲप तरीही चालले, म्हणजे ती गरज नव्हतीच. संमतीपत्र केवळ इंग्रजीत होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीसाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. घेणाऱ्याने पाकिटावर परवाना क्रमांकही पाहून घ्यावा, कारण १ एप्रिल २०२० पासून अशी सर्व उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. आमच्या पाकिटावर तो ठळक छापलेला होता.

पाच तारे असतील तर मी साडेतीन देईन. त्यातले तीन त्या ४१ मिनिटांसाठी आहेत आणि अर्धा तंत्रज्ञ ताईंसाठी. डॉक्टरांनी औषध सुरू केल्यावर काही महिन्यांनी पुन्हा एकदा पॅच लावून पाहू, असे सुचवले आहे. मी आईला विचारले तेव्हा तिने नकार दिला नाही. "लाव की," ती म्हणाली, "पण मार्गशीर्षात लाव. आणि तू तिकडे कॉलेजात बनवतेस ना पट्ट्या, त्यांना सांग मधलं ते बटण जरा मऊ करा." पुरवठादाराकडे डिसेंबरची नोंदणी केली आहे, आणि या वेळी स्त्री तंत्रज्ञ हवी असे पहिल्याच फोनमध्ये सांगून ठेवले आहे.